करमरकरांचे जर्नल आणि तुमचे जर्नल

अकरावीला शास्त्र शाखेत गेलात की पहिल्या पंधरवड्यातच एक जाड वही तुमच्या हाती पडते. एका पानावर रेघा, समोरचे पान कोरे. तिला सगळे ‘जर्नल’ म्हणतात. प्रयोग करायचा, निरीक्षणे लिहायची, आकृती काढायची आणि सरांची सही घ्यायची. वर्षाच्या अखेरीस सह्या अपुऱ्या असल्या की धावपळ होते, ती तुमच्या दादा-ताईंना विचारा!

शास्त्रज्ञांच्या जगातही ‘जर्नल’ असते. तिथे त्याचा अर्थ संशोधनाचे नियतकालिक असा आहे. दोन्हींना एकच शब्द कसा, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. त्या वेळी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. या लेखात जरा नीट उत्तर देतो.

आमच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट आधी सांगतो. साध्या लंबकाचा प्रयोग होता. धाग्याला गोळी टांगायची, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि गुरुत्व त्वरण काढायचे. आमच्या भागात ते ९७८ सें.मी. प्रति सेकंद वर्ग या किमतीच्या आसपास यायला हवे. जर्नले तपासायला घेतली तर बहुतेकांचे उत्तर ९८०. निरीक्षणांच्या तक्त्यात मात्र खाडाखोड, किंवा तक्ताच कोरा. एका मुलाचे उत्तर होते ९४९. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, सगळ्यांचा बरोबर इला, माजाच चुकला.”

त्याचा तक्ता मी पाहिला. धाग्याची लांबी १०० सें.मी., वीस आंदोलनांना ४०.८ सेकंद. सारे स्वच्छ लिहिलेले. गणित करून पाहिले, बरोबर होते. मग चूक कुठे? त्याने लांबी फक्त धाग्याची घेतली होती. लंबकाची लांबी गोळीच्या मध्यापर्यंत धरायची असते. गोळीचा हूक आणि त्रिज्या मिळून सुमारे ३ सें.मी. होत होते. १०३ घातल्यावर उत्तर ९७७ आले. त्याची चूक आम्हाला पाच मिनिटांत सापडली, कारण त्याने केले तेच लिहिले होते. बाकीच्यांचे ९८० बरोबर होते की चूक, हे ठरवायला काही साधनच नव्हते. त्या दिवशी पहिली सही मी ९४९ वर केली.

आता मोठ्या जर्नलाकडे वळू. त्यासाठी एका मराठी माणसाचीच कथा घेऊ. तिच्यात गणित आहे, तर्क आहे, संगणक आहे आणि थोडे भांडणही आहे.

चितारआळीतले एक गणित

सावंतवाडीची चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी आणि हुबेहूब दिसणाऱ्या लाकडी फळांसाठी प्रसिद्ध आहे. समजा, तिथला एक कारागीर दोनच वस्तू करतो: फळांची परडी आणि बैलगाडी. एका परडीला लाकूड घडवायला २ तास आणि रंगवायला १ तास लागतो. एका बैलगाडीला घडवायला १ तास आणि रंगवायला २ तास. आठवड्यात घडवण्यासाठी ४० तास आणि रंगकामासाठी ५० तास मिळतात. परडीमागे नफा ५० रुपये, गाडीमागे ४० रुपये. (आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, कारागिरांनी रागावू नये.) तर जास्तीत जास्त नफा व्हावा म्हणून परड्या किती आणि गाड्या किती कराव्या?

परड्या ‘क्ष’ आणि गाड्या ‘य’ मानल्या तर दोन अटी होतात. २क्ष + य ही बेरीज ४० पेक्षा जास्त नको. क्ष + २य ही बेरीज ५० पेक्षा जास्त नको. आलेख कागदावर या दोन रेषा काढा. रेषा आणि दोन अक्ष यांच्यामध्ये एक चौकोन सापडेल. त्याच्या आतला किंवा कडेवरचा कोणताही बिंदू म्हणजे कारागिराला जमणारा बेत. सर्वांत जास्त नफा या चौकोनाच्या एखाद्या कोपऱ्यावरच मिळतो. कोपरे चार: काहीच केले नाही तर शून्य, नुसत्या २० परड्या केल्या तर १००० रुपये, नुसत्या २५ गाड्या केल्या तरी १०००, आणि १० परड्या व २० गाड्या केल्या तर १३०० रुपये.

अशा प्रश्नांच्या शास्त्राला लिनिअर प्रोग्रॅमिंग किंवा रेषीय कार्यक्रमण म्हणतात. बारावीच्या गणितात ते तुम्हाला भेटेलच. कोणते विमान कोणत्या मार्गावर न्यावे, कोणत्या कारखान्याचा माल कोणत्या गोदामात पाठवावा, हे सारे असेच प्रश्न. फरक एवढाच की तिथे दोन अज्ञातांऐवजी हजारो अज्ञात असतात, आणि आलेख कागदावरच्या चौकोनाच्या जागी हजारो मितींची एक आकृती असते. ती डोळ्यांपुढे आणण्याचा प्रयत्न करू नका. गणिती लोकही करत नाहीत.

अमेरिकन गणिती जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली यावर ‘सिम्प्लेक्स’ नावाची रीत काढली. एका कोपऱ्यावर उभे राहायचे, नफा वाढेल अशा कडेने शेजारच्या कोपऱ्यावर जायचे, आणि वाढ थांबली की आपणही थांबायचे. व्यवहारात ही रीत उत्तम चालते. पण १९७२ मध्ये व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी यांनी असे मुद्दाम बेतलेले प्रश्न दाखवले की त्यांत डँट्झिग यांच्या नियमाने चालणाऱ्या सिम्प्लेक्सला प्रत्येक कोपऱ्याला पाय लावावा लागतो. तीन अज्ञात असतील तर कोपरे ८, दहा असतील तर १०२४, आणि पन्नास असतील तर सुमारे सव्वाअकरा कोटी कोटी! सेकंदाला दहा लाख कोपरे पार करणारा संगणक घेतला तरी पस्तीस वर्षांहून जास्त वेळ लागेल.

मग कोणत्याही प्रश्नावर हमखास लवकर पोचणारी रीत आहे काय? १९७९ मध्ये लिओनिद खाचियान या सोव्हिएत गणितीने ‘होय’ असे उत्तर दिले. त्यांचे टिपण मॉस्कोच्या एका जर्नलात छापले गेले. चारच पाने, आणि त्यांत सिद्धता नव्हत्या! पेटर गाच आणि लास्लो लोवास या हंगेरीच्या गणितींनी गाळलेल्या पायऱ्या भरून काढल्या, तेव्हा कुठे बाकीच्या जगाची खात्री पटली. दुर्दैव असे की खाचियान यांची रीत हमी देत असे, पण प्रत्यक्षात फार संथ होती.

तलावाच्या काठाने की तलावातून?

नरेंद्र करमरकर हे ग्वाल्हेरला जन्मलेले, मराठी कुटुंबातले. १९७८ मध्ये ते मुंबईच्या आय.आय.टी.तून विद्युत अभियंता झाले आणि पुढे अमेरिकेत गेले. बर्कली येथे रिचर्ड कार्प यांच्या हाताखाली त्यांनी १९८३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. कार्प हे या क्षेत्रातले मोठे नाव. “ही तर्कविधाने एकाच वेळी खरी ठरू शकतील काय?” हा शुद्ध तर्कशास्त्रातला प्रश्न आणि वेळापत्रके, प्रवासमार्ग यांसारखे व्यवहारातले अनेक अवघड प्रश्न एकाच कुळातले आहेत, हे त्यांनी १९७२ मध्ये दाखवले होते. संगणक काय करू शकतो आणि किती वेळात करू शकतो, याचा विचार करणारे हे शास्त्र तर्कशास्त्राच्याच पोटी जन्मलेले आहे.

करमरकर बेल प्रयोगशाळेत काम करू लागले. तिशीच्या आतच होते. १९८४ च्या वसंत ऋतूत वॉशिंग्टनला भरलेल्या एका परिषदेत त्यांनी आपली नवी रीत मांडली.

ती समजण्यासाठी आमच्या मोती तलावाकडे या. तुम्ही एका काठावर आहात आणि समोरच्या काठावरच्या राजवाड्याकडे जायचे आहे. सिम्प्लेक्स काठाकाठाने, वळणावळणाने जाते. करमरकर होडी घेऊन तलावातून निघतात. मोती तलावाभोवती फिरायला फार वेळ लागत नाही हे खरे. पण ज्या तलावाच्या काठाला कोटी कोटी वळणे आहेत त्याची कल्पना करा, म्हणजे होडीची किंमत कळेल.

होडीतही एक अडचण आहे. नफा वाढण्याच्या दिशेने सरळ निघालो की लवकरच काठावर आदळतो आणि पुढे इंच इंच सरकावे लागते. यावर करमरकरांची युक्ती अशी. फरशीचा फोटो तिरका काढला तर चौकोनी फरशा समलंबासारख्या दिसतात, पण सरळ रेषा सरळच राहतात, हे तुम्ही पाहिले असेल. करमरकर प्रत्येक पावलानंतर साऱ्या आकृतीचा जणू असा एक फोटो काढतात की त्यात आपण पुन्हा मध्यभागी दिसतो. मध्यभागी असलो की सगळे काठ दूर असतात आणि मोठे पाऊल टाकता येते. पाऊल टाकायचे, फोटो पुन्हा मूळ आकृतीत न्यायचा, पुन्हा नवा फोटो. प्रत्येक पावलाला किती प्रगती होईल, याची सिद्धता त्यांनी दिली. खाचियान यांच्या रीतीशी तुलना करता वाईटातल्या वाईट प्रश्नावरचा वेळ अज्ञातांच्या संख्येच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात कमी झाला. अज्ञात शंभर असतील तर अडीचावा घात म्हणजे एक लाख.

छापलेले आणि न छापलेले

संगणनशास्त्रात एक वेगळी प्रथा आहे. आधी परिषदेत लेखाचे छोटे रूप येते, मग जर्नलात संपूर्ण लेख. जर्नलाचा संपादक तो लेख त्या विषयातल्या तज्ज्ञांकडे तपासायला पाठवतो. त्यांना बहुधा मानधन नसते. लेखकाला त्यांची नावे कळत नाहीत. ते एकेक पायरी पडताळतात, “येथे हे कसे आले?” असे विचारतात, लेख परत येतो, सुधारून पुन्हा जातो. यात महिने जातात, कधी वर्षेही. सही मिळेपर्यंत जर्नल अपुरेच, तुमच्यासारखेच!

करमरकरांचा पूर्ण लेख हंगेरीतून निघणाऱ्या ‘कॉम्बिनेटोरिका’ या जर्नलाच्या १९८४ च्या चौथ्या खंडात आला, पाने ३७३ ते ३९५. जर्नल तसे तरुण, १९८१ साली सुरू झालेले. मघाशी ज्यांचे नाव आले ते लोवास त्याच्या संपादकांपैकी एक. या तेवीस पानांत सिद्धता होती. जगात कुणीही पेन्सिल घेऊन बसावे आणि पडताळावे. लोकांनी पडताळली आणि ती टिकली.

पण गडबड दुसऱ्याच गोष्टीने झाली. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी आली. नवी रीत प्रत्यक्ष संगणकावरही सिम्प्लेक्सला कित्येक पटींनी मागे टाकते, असे सांगितले जात होते. पन्नास पट हा आकडाही बोलला गेला. हा दावा वेगळा आहे हे लक्षात घ्या. सिद्धता कागदावर तपासता येते. वेग तपासायला प्रोग्रॅम लागतो, आणि ज्या प्रश्नांवर वेग मोजला ते प्रश्नही लागतात. दोन्ही बाहेर दिले गेले नाहीत. बेल प्रयोगशाळा ए. टी. अँड टी. या कंपनीची होती आणि कंपनीला ही रीत विकायची होती. इतर संशोधकांनी छापील लेखावरून आपापले प्रोग्रॅम लिहून पाहिले. सुरुवातीला त्यांना तसा वेग दिसेना. मग दोष कुणाचा? त्यांच्या प्रोग्रॅमचा की दाव्याचा? सांगणार कोण? तक्ता कोरा होता.

कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. संशोधनावर पैसा तिने खर्च केला होता. १९८८ च्या मे महिन्यात तिला या रीतीवर अमेरिकेचे पेटंट मिळाले, क्रमांक ४७,४४,०२८. गणितातल्या रीतीवर पेटंट देता येते काय, यावर पुष्कळ वाद झाला. ‘कॉर्बेक्स’ नावाची संगणकव्यवस्था तयार झाली, किंमत ८९ लाख डॉलर! पहिले गिऱ्हाईक अमेरिकेचे संरक्षण खाते. माझे मत विचाराल तर पेटंट घेण्यात गैर काही नाही. पेटंटमध्ये निदान रीत लिहून तरी द्यावी लागते. पण “आमचा वेग इतका” असे जगाला सांगायचे आणि मोजमाप दाखवायचे नाही, हे मला पटत नाही. माझ्या प्रयोगशाळेत मी त्यावर सही केली नसती.

वाद मिटला तो उघड्यावर आलेल्या कामामुळे. १९८५ मध्ये त्याच बेल प्रयोगशाळेतल्या डेव्हिड गे यांनी रेषीय कार्यक्रमणाच्या प्रश्नांचा एक संच सर्वांसाठी खुला केला. तो संगणकाच्या टपालाने कुणालाही मागवता येई. आता सगळ्यांचे घोडे एकाच मैदानावर धावणार होते. १९८६ मध्ये फिलिप गिल आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी दाखवले की करमरकरांची रीत आणि आधीपासून ठाऊक असलेली ‘लॉगॅरिदमच्या कुंपणाची’ रीत यांचे जवळचे नाते आहे. १९८९ मध्ये इलन अ‍ॅडलर, मॉरिसिओ रेसेंदे, जेराल्दो व्हेगा आणि स्वतः करमरकर यांनी रीतीच्या एका रूपाचा प्रोग्रॅम कसा लिहावा, हे मोजमापासह जर्नलात छापले. होडीची कल्पना व्यवहारातही दमदार आहे, हे तेव्हा सर्वांना दिसले. तोवर सिम्प्लेक्सवाल्यांनीही स्पर्धेपायी आपली रीत खूप सुधारून घेतली होती! आज मोठ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात. कंपनीचे पेटंट २००६ मध्ये संपले. करमरकर पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते.

याच कथेत एक हुरहूर लावणारा भाग आहे. आय. आय. डिकिन या सोव्हिएत गणितीने १९६७ मध्येच होडीची एक साधी रीत छापली होती. दोन पानांचे टिपण, मॉस्कोच्या त्याच जर्नलात. त्याचे इंग्रजी भाषांतरही त्याच वर्षी निघाले. म्हणजे भाषेची सबबही नाही. तरी कुणी वाचले नाही. १९८५-८६ च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी करमरकरांची रीत सोपी करता करता नेमकी तीच रीत पुन्हा शोधली, आणि डिकिन यांचे नाव त्यानंतर पुढे आले. तेव्हा जर्नलात छापले म्हणजे जगाला कळलेच, असे नाही. पण छापलेले असल्यामुळे वीस वर्षांनी का होईना, श्रेय योग्य माणसाला देता आले.

आता तुमची पाळी

चितारआळीतल्या कारागिराकडे परत जाऊ. १३०० रुपयांपेक्षा जास्त नफा शक्यच नाही, असे मी म्हणालो. तुम्ही का मानावे? चारही कोपरे तपासले म्हणून? हजार मितींत कोपरे तपासणे अशक्य, हे आपण पाहिले. पण एक सुंदर सोय आहे. पहिली अट २० ने गुणा: ४०क्ष + २०य हे ८०० पेक्षा जास्त नाही. दुसरी अट १० ने गुणा: १०क्ष + २०य हे ५०० पेक्षा जास्त नाही. दोन्हींची बेरीज करा: ५०क्ष + ४०य हे १३०० पेक्षा जास्त नाही. डावीकडे आहे तो नफाच! झाली सिद्धता. उत्तर कोणत्या रीतीने काढले, कोणत्या संगणकावर काढले, किती वेळ लागला, काहीही विचारायची गरज नाही. २० आणि १० हे दोन आकडे उत्तराशेजारी लिहिले की सातवीतला मुलगाही ते तपासू शकतो. अज्ञात हजारो असले तरी असे गुणक नेहमी सापडतात, हे गणिताने सिद्ध झालेले आहे.

आता समजा, पुढच्या आठवड्यात परडीचा नफा ७० रुपये झाला आणि गाडीचा ३० वर आला. तासांच्या अटी त्याच. उत्तम बेत कोणता, नफा किती, आणि त्याहून जास्त शक्य नाही हे दाखवणारे दोन गुणक कोणते? एक गुणक शून्य आला तर घाबरू नका. वहीत लिहाल तेव्हा मात्र नुसते उत्तर लिहू नका. गुणकही लिहा, म्हणजे शेजाऱ्याला ते तपासता येईल.